सावरमाल तुकूमची साडेआठची गाडी

गुणवंतराव खोब्रागड्यांनी गडचिरोली आगाराच्या गाड्या एकतीस वर्षं चालवल्या. अहेरी, आलापल्ली, सिरोंचा, धानोरा. या एकतीस वर्षांत त्यांच्या चाकाखाली कोंबडीचं पिल्लूसुद्धा आलं नाही, असं ते सांगत, आणि ज्याला पटत नसे त्याला पुन्हा सांगत. ऑक्टोबरच्या शेवटी ते निवृत्त झाले. हार गळ्यात, नारळ हातात, असे चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी, सावरमालला परतले, आणि चौथ्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना त्यांचा ताप सुरू झाला. घरातले सगळे म्हणजे एकट्या कमळाबाई. मुलगी रिना लग्न होऊन माजरीला गेलेली.

पहाटे चारला उठून ते दाढी करत आणि ओसरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसत. समोरून बैलगाडी जरा जोरात आली की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. कमळाबाई घागर घेऊन दारातून निघाल्या की हे अंग चोरून त्यांना साइड देत.

"अजी, घरात बी साइड देता काय?" कमळाबाई म्हणायच्या. "आन् त्या चहाच्या कपाच्या कानाले धरून काय गियर टाकून राह्यले? प्या न सरळ."

त्यांना स्वतःलाही कळत होतं. पण करायचं काय, हे कळत नव्हतं. उभी नोकरी मुक्कामी गाड्यांवर गेली होती. संध्याकाळी गाडी दूरच्या गावी न्यायची, तिथंच झोपायचं, सकाळी परत आणायची. रिनाला पहिला दात कधी आला, ती कधी चालायला लागली, शाळेत पहिल्या दिवशी रडली की नाही, हे त्यांना कमळाबाईंकडून कळायचं, तेही आठवड्याच्या सुटीला, एकदम, साचलेल्या टपालासारखं. हजारो लेकरं त्यांच्या गाडीतून शाळेला गेली. स्वतःचं एकही नाही.

त्या आठवड्यात गावच्या अंगणवाडीत बैठक होती. नागपूरची एक संस्था गावात लहान मुलांसाठी काम करत होती. तिनं अंगणवाडीच्या भिंती रंगवून दिल्या, घसरगुंडी आणली, नवा वजनकाटा आणला. संस्थेची कार्यकर्ती स्वाती, पंचविशीची, स्कूटीवरून यायची आणि गावातल्या म्हाताऱ्यांनाही जुमानायची नाही. कमळाबाईंनी नवऱ्याला त्या बैठकीला पाठवलं ते एवढ्याचसाठी, की तासभर तरी ओसरी मोकळी व्हावी.

"जा, तिथी चहा भेटते," त्या म्हणाल्या.

बैठकीत स्वातीनं प्रश्न मांडला तो तुकुमाचा. सावरमालचा एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, नाल्यापलीकडे आहे, त्याला सावरमाल तुकूम म्हणतात. तिथं तीन ते सहा वर्षांची अकरा मुलं. अकराच्या अकरा अंगणवाडीच्या वहीत होती आणि एकही अंगणवाडीत नव्हतं. मधला दीड किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. त्या जंगलात वाघ आहे, हे कुणी नाकारत नव्हतं. धानकापणी सुरू होती. आया सकाळी विळे घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जात आणि मुलं घरी म्हाताऱ्यांच्या भरवशावर. खिचडी इकडे, घसरगुंडी इकडे, पोट्टे तिकडे.

"गाडी लावा न संस्थेनं," एकजण म्हणाला.

"गाडी प्रकल्पात बसत नाही दादा," स्वाती म्हणाली. "मी तीनदा विचारलंय. आपल्यालाच काहीतरी काढावं लागेल."

मागच्या बाकड्यावरून गुणवंतरावांनी, अगदी सवयीनं, विचारलं, "पॅसेंजर किती?"

"अकरा."

"टाइम?"

"साडेनऊला अंगणवाडी भरते."

"अन् रस्ता दीड किलोमीटर. मंग याले गाडी कायले पाह्यजे? डायवर पाह्यजे."

हशा पिकला. बोलून गेल्यावर पुढं काय म्हणायचं ते गुणवंतरावांना मुळीच ठाऊक नव्हतं. पण स्वाती हसली नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "मग कधीपासून, भाऊ?"

एकतीस वर्षांत ज्यांनी एकही फेरी चुकवली नाही, त्यांना यावर "उद्यापासून" याखेरीज दुसरं उत्तर येत नव्हतं.

रात्रभर विचार करून त्यांनी युक्ती काढली ती साधीच. गोठ्यातला जाड दोर घेतला. त्याला हातहातभर अंतरावर लुगड्याच्या चिंध्यांच्या मुठी बांधल्या, एकेका मुलाला धरायला एकेक. सकाळी खाकी शर्ट इस्त्री करून घातला. कमळाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"पोट्ट्यायले बांधून आनता काय?"

"बांधत नाई. थे धरतीन."

"तुमाले कोनी पोट्टं ओळखत नाई. रडून गाव डोक्यावर घेतीन."

बरोबर साडेआठला ते तुकुमात पोचले आणि दोन्ही तळवे तोंडाशी धरून त्यांनी हॉर्न वाजवला. पोम्, पोम्! तुकुमातली कुत्री उठली, कोंबड्या उडाल्या, मुलं घरात पळाली. एका घरातून सत्तरीची बुधरीबाई कुळमेथे काठी घेऊन बाहेर आली.

"कोन भोंगा वाजवून राह्यला सकाळीच?"

"सावरमाल गाडी, बाई. अंगनवाडी, अंगनवाडी!"

बुधरीबाईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. माणूस चांगल्या घरचा दिसत होता, पण डोक्याचं सांगता येत नव्हतं. तेवढ्यात तिच्या लुगड्यामागून तिची नात बाहेर आली. दिव्यानी, वय वर्षं चार, नाकात शेंबूड, पायात एकच चप्पल.

"गाडी कुठी आहे?" तिनं विचारलं.

"मीच गाडी."

दिव्यानीनं त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. मग दुसरी चप्पल शोधून आणली आणि दोराची पहिली मूठ धरली.

त्या दिवशी अकरा सिटांच्या गाडीत एकच पॅसेंजर होती. पण गुणवंतराव म्हणाले, एका पॅसेंजरसाठीही गाडी सुटते, असा नियमच आहे. बुधरीबाई काळजीनं मागून निघाली ती थेट सावरमालपर्यंत. वाटेत दिव्यानीनं गाडी सात वेळा थांबवली. एकदा सूसाठी, एकदा लाल किड्यासाठी, आणि पाच वेळा फक्त थांबते की नाही हे पाहायला. चाळीस मिनिटं उशीर झाला. आयुष्यात पहिल्यांदा गाडी इतकी लेट आली होती, आणि गुणवंतराव घरी येऊन कमळाबाईंना ते असं सांगत होते, जसं काही बक्षीसच मिळालं.

दिव्यानीनं घरी जाऊन तुकुमात काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी चार मुलं उभी होती. आठवड्यानं नऊ. दोन जुळे भाऊ होते, विक्की आणि कोलू. त्यांना शेवटची सीट हवी असायची, कारण तिथं जास्त हिसके बसतात. त्यांच्या भांडणात एकदा दोर तुटला आणि अर्धी गाडी नाल्याकाठी बोरं खात राहिली. ते गुणवंतरावांना पन्नास पावलं पुढं गेल्यावर कळलं. त्या दिवशी बुधरीबाईनं जाहीर केलं, "भाऊ, तुमाले आरसा नाई. कंडक्टर मी."

तिनं आपल्या म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली घंटी काढून कमरेला बांधली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पळसाच्या पानाचे तुकडे करून ती तिकिटं द्यायची आणि अंगणवाडीच्या दारात परत घ्यायची. ज्याचं हरवलं त्याला दुसरं पान तोडायला पाठवायची. पण तिचं खरं काम वेगळं होतं. उभा जन्म त्या जंगलात गेलेला. वानरं कशी ओरडली म्हणजे नुसती भांडतात आणि कशी ओरडली म्हणजे खाली कुणीतरी चालतंय, हे तिला घरातल्या बोलण्यासारखं कळायचं. ती थाळी वाजवत मागं चालायची आणि कान रानात असायचे.

सावरमालच्या चावडीवर मात्र थट्टा चाललीच होती. "डायवर, गाडीले डिझेल कोनतं?" कुणी विचारी. "खिचडी," गुणवंतराव सांगत आणि ब्रेक न लावता पुढं जात. मुलं आता चढाला "पहिला गियर!" ओरडायची, वळणावर सगळी मिळून "पोम्!" करायची. एक पोरगी मध्येच बसून पंक्चर व्हायची, तेव्हा बाकीचे दहा तिच्या तळपायात हवा भरायचे. हो, दहा. गाडी फुल झाली होती.

डिसेंबरात जिल्ह्याहून मोठ्या मॅडम प्रकल्प पाहायला येणार होत्या. त्यांना तुकूमही पाहायचं होतं. स्वाती दोन दिवस धावत होती. अंगणवाडी झाडून झाली, वजनाचे तक्ते लागले. मॅडम आधी जीपनं तुकुमात गेल्या, घरं पाहिली, आणि परत निघाल्या तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. त्यामुळं झालं असं, की जंगलातल्या अरुंद रस्त्यावर मॅडमची जीप गुणवंतरावांच्या गाडीच्या मागं अडकली.

जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुढं अकरा मुलांनी, खच्चून, "पोम्!" करून उत्तर दिलं.

त्यानं पुन्हा हॉर्न दिला. शेवटच्या सीटवरून विक्की आणि कोलूनं हात बाहेर काढून थांबायची खूण केली. गुणवंतराव मागं वळून पाहीनात. पॅसेंजर भरलेली गाडी कडेच्या गवतात घालायची नाही, मागं कोणीही असो.

मॅडम खाली उतरल्या. त्यांच्यामागून स्वाती उतरली. बुधरीबाईनं घंटी वाजवून गाडी थांबवली, मॅडमसमोर उभी राहिली आणि पळसाच्या पानाचा तुकडा पुढं केला.

"अंगनवाडी काय?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"मंग दोर धरा."

आणि मॅडमनी धरला. विक्कीच्या पुढं आणि पंक्चर होणाऱ्या पोरीच्या मागं. दोन घंट्या झाल्या, गाडी सुटली. स्वाती मागून आली. जीप सगळ्यांत शेवटी, पायी चालणाऱ्याच्या वेगानं.

शंभर पावलं गेली असतील. उजवीकडच्या मोहाच्या झाडावर वानर ओरडलं. बुधरीबाईनं मान वर केली. दुसरं वानर ओरडलं, वेगळं, खोकल्यासारखं.

एकच घंटी.

सगळी गाडी जागच्या जागी थांबली. गुणवंतरावांनी दोन्ही हात पसरून मुलांना मागं घेतलं. समोर, साठ-सत्तर पावलांवर, उंच वाळल्या गवतातून वाघ रस्त्यावर आला. घाई नाही काही नाही. मध्यभागी येऊन त्यानं मान वळवून या लांबलचक जनावराकडं पाहिलं. बावीस लहान पाय, काही मोठे, एक दोर. त्याला काय वाटलं त्याचं त्याला ठाऊक. शेपूट एकदा हलली, आणि तो रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूच्या गवतात गेला.

मॅडमच्या हातातलं पान चुरगळून गेलं होतं.

दिव्यानी कुजबुजली, "आजी, यानं तिकीट नाई काढलं."

बुधरीबाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "त्याचा पास हाय."

आधी स्वातीच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. मग मॅडमच्या. मॅडम दोर धरून खाली वाकल्या आणि हसता हसता त्यांचा चष्मा पडला. मुलं हसली म्हणून बुधरीबाई हसली, आपण का हसतोय हे मुलांना कळेना म्हणून मुलं आणखीच हसली. कुणाला थांबताच येईना. जीपचा ड्रायव्हर दार लावून आत बसला होता, तो एकटा हसत नव्हता.

मग मॅडमनी अकराही मुलं जीपमध्ये बसवली. "या गाडीले दोर नाई," अशी कोलूनं तक्रार केली. गुणवंतरावांना पुढं बसवलं. सगळा रस्ता ते मागं वळून वळून मुलं मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते तुकुमात गेले नाहीत. संध्याकाळी चावडीवर ग्रामसभा बसली, तिथं ते उभे राहून म्हणाले, "गाडी बंद. माह्या हातून होत नाई. एकतीस वर्सं कोनाले खरचटू देलं नाई. आता एखादं पोट्टं गेलं त काय करू मी?"

बुधरीबाई उठली.

"वाघ काल आला काय, भाऊ? तुमची गाडी चालो का नोको चालो, तो आपल्या टायमाले जाते. अन् पोट्टे घरी ठेवले त तिथी कोन हाय? तुकूम त जंगलाच्या तोंडातच हाय. माय-बाप बांधीत. राखाले मी, सत्तर वर्साची. रस्त्यानं निदान आमी सारे एका जागी त असतो. एक घंटी देली का उभे राह्यतेत. घरी कोन्तं पोट्टं मह्या एका घंटीवर उभं राह्यते?"

दिव्यानीचा बाप कुलदीप मागं उभा होता. तो कमी बोलणारा माणूस. "भाऊ," तो म्हणाला, "गाडी तुमी एकल्यानंच चालवाची, असं कोन म्हनलं? पोट्टे आमचे हायेत. दोर आमी बी धरतो. आमाले कोनी सांगतलंच नाई."

खरंच, गुणवंतरावांनी कुणाला विचारलंच नव्हतं. ड्रायव्हर कधी विचारतो का पॅसेंजरला?

पुढच्या रविवारी जे झालं ते पाहायला हवं होतं. सावरमाल आणि तुकूम, दोन्हीकडचे लोक विळे-कुऱ्हाडी घेऊन उतरले आणि वनरक्षकाला सोबत घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत वीस-वीस पावलं कापून काढलं. बायकांनी भाकरी आणल्या, कुणीतरी डफ आणला. दुपारपर्यंत कामाची जत्रा झाली होती. वनरक्षकानं सकाळी फिरून वाघाचे ताजे ठसे दिसले तर आधी कळवायचं ठरलं, आणि तसं असेल त्या दिवशी गाडी रद्द. रोज चार मोठी माणसं गाडीबरोबर, दोन पुढं, दोन मागं. अंगणवाडीच्या भिंतीवर ड्यूटीचा तक्ता लागला. ज्यानं सगळ्यांत आधी "डिझेल कोनतं" विचारलं होतं, त्याची पाळी बुधवारी होती.

गुणवंतरावांनी मग लायसनची परीक्षा ठेवली. ती त्यांनी फार मनावर घेतली. कुलदीप नापास झाला, चालता चालता मोबाइल पाहिला म्हणून. एकजण ओव्हरटेक केल्यामुळं गेला. कमळाबाई आपणहून आल्या, पदर खोचला, अकरा मुलांची गाडी चिखलातून मागं घेऊन, वळवून, पुन्हा रस्त्याला लावली, आणि वरून म्हणाल्या, "घरात एकतीस वर्सं एकलीनं चालवली, अजी. हे काय मोठं आहे!" गुरुवारची गाडी त्यांची झाली. त्या दिवशी गुणवंतराव पॅसेंजर म्हणून मधली मूठ धरून चालत.

फेब्रुवारीत स्वातीनं वजनं घेतली. दिव्यानी आठशे ग्रॅमनं वाढली होती आणि तिनं ते प्रत्येक थांब्यावर सांगितलं. रिना माजरीहून आपल्या दोन वर्षांच्या पोराला घेऊन आली, तेव्हा बापाला बाराव्या मुठीची चिंधी बांधताना पाहून तिला आधी हसू आलं, मग ती त्यांच्याजवळ बसून गाठी आवळू लागली.

नाल्याकडे उतरताना एक लांब उतार लागतो. तिथं गुणवंतराव न चुकता "पहिला गियर, ब्रेकवर पाय!" म्हणायचे, आणि सगळी गाडी पाय घासत, कुरकुरत उतरायची. त्या शनिवारी दिव्यानी थांबली.

"आबाजी, आज ब्रेक सोडा न."

त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. दोन्हीकडं कापलेलं गवत, लांबवर मोकळं. नाल्यात घोटाभर पाणी, बाकी वाळू. त्यांनी मागं बुधरीबाईकडं पाहिलं. तिनं कान देऊन जंगल ऐकलं आणि दोन घंट्या दिल्या. मग तिसरी, जिचा काही अर्थच ठरलेला नव्हता.

"न्यूट्रल!" गुणवंतराव ओरडले.

आणि ते पळाले. साठी गाठायला आलेला माणूस, इस्त्रीचा खाकी शर्ट, मागं अकरा मुलं, कुलदीप, रिना कडेवर पोरगं घेऊन, सगळ्यांत मागं बुधरीबाई लुगडं खोचून, घंटी वेड्यासारखी वाजतेय. दोर कुठं सुटला कुणाला कळलं नाही. पोम् पोम् पोम्! झाडं, आभाळ, वाळू, सगळं गरगर फिरलं, आणि सगळी गाडी नाल्याच्या रेतीत एकमेकांवर कोसळली.

गुणवंतराव उताणे पडले होते. धाप लागून त्यांना हसताही येत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं. दिव्यानी त्यांच्या छातीवर चढून बसली आणि अगदी जवळून पाहिलं.

"काय झालं आबाजी?"

"गाडी गरम झाली," ते कसेबसे म्हणाले.

ती उठली, नाल्याशी गेली, ओंजळ भरून आली आणि सगळं पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं. मग दुसरी ओंजळ आणायला पळाली.